सरासरी भरली, मग विहीर का आटली?

वाचकांचे प्रश्न : पाऊस, पाणी आणि दुष्काळ

मागच्या अंकात दुष्काळाबद्दलचे प्रश्न मागवले होते. पत्रं बरीच आली. त्यातली पाच निवडली आहेत. ज्यांनी पहिल्यांदाच हे सदर उघडलं त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की पुण्यात शिवाजीनगरला ज्याला सगळे 'सिमला ऑफिस' म्हणतात, तिथे मी नोकरीची सगळी वर्षं पावसाच्या नोंदी तपासत होते. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं, म्हणून ते नाव. माहेर शिरूर तालुक्यातल्या पाबळ-केंदूर पट्ट्यातलं. त्यामुळे दुष्काळ मला कागदावरही माहीत आहे आणि घरातलाही.

'पुरंदर तालुक्यात आमची चार एकर जमीन आहे. दीड एकर अंजीर, एक एकर सीताफळ, बाकी बाजरी नि वाटाणा. मोबाईलवर तालुक्याचा पाऊस सरासरीच्या शंभर टक्के दिसतो आणि विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. मुलगा म्हणतो, सात वर्षांचं कर्ज काढून आणखी एक एकर अंजीर लावू आणि प्लास्टिकचं शेततळं करू. पुढे दुष्काळ वाढणार असं जो तो म्हणतो. नक्की किती धोका आहे, हे कसं काढायचं?' — एक शेतकरी, पुरंदर

दादा, मोबाईलवरचा आकडा चुकीचा नाही आणि विहिरीचंही काही चुकलेलं नाही. आकडा एवढंच सांगतो की जून ते सप्टेंबर मिळून किती मिलिमीटर पडला. तो कसा पडला, मध्ये किती दिवस ओढ दिली, हे तो सांगत नाही. तुमच्या विहिरीला नेमकं तेच कळतं.

धरून चला, दोन वर्षं सारखाच साडेपाचशे मिलिमीटर पाऊस झाला. एका वर्षी चाळीस दिवस भीजपाऊस, मधले खंड चार-पाच दिवसांचे. दुसऱ्या वर्षी वीसच दिवस पाऊस, त्यातल्या तीन दिवसांत निम्मा, आणि ऑगस्टमध्ये सव्वीस दिवस कोरडं आभाळ. दुसऱ्या वर्षी पाणी ओढ्याने कऱ्हा नदीत गेलं आणि कऱ्हेने पुढे नेलं. तुमच्या मुरमात ते उतरलंच नाही. शिवाय आपला खडक काळा पाषाण. शंभर भाग खडकात पाण्याला जागा जेमतेम दोन-तीन भाग, तीही भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. त्यामुळे आपली विहीर लवकर भरते आणि लवकर रिती होते. गंगेच्या गाळातल्या विहिरीसारखी ती मागच्या चांगल्या वर्षाची शिल्लक पोटात ठेवत नाही.

हे अलीकडे वाढलंय का? हो. पुण्यात पाषाण भागात असलेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात त्याच्या शेजारीच दुसरी नोंद आहे : १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि दुष्काळ वारंवार नि जास्त क्षेत्रावर येऊ लागले. कोसळणंही वाढलं आणि कोरडंही वाढलं. ऐकायला विसंगत वाटतं, पण दोन्हींना जोडणारं एक मोठं कारण आहे. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. पडते तेव्हा ती जोरात पडते, आणि पडत नाही तेव्हा तीच हवा तुमच्या मातीतली, पानातली ओल जास्त ओढते.

२०२३ आठवा. देशाचा मोसमी पाऊस कागदावर सरासरीच्या ९४ टक्के होता. पण त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. शासनाने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात तुमचा पुरंदर होता, बारामती, दौंड, इंदापूर आणि माझा शिरूरही होता.

आणखी एक गोष्ट, जी फारशी कोणी सांगत नाही. ही 'सरासरी' स्वतःच बदलत असते. देशाच्या मोसमी पावसाची सरासरी १९५१ ते २००० या वर्षांवरून काढली तेव्हा ८९ सेंटीमीटर होती. पुढे १९६१ ते २०१० वर ८८ झाली. आता १९७१ ते २०२० वर ती ८७ आहे. म्हणजे आजचे शंभर टक्के वडिलांच्या काळच्या शंभर टक्क्यांइतके नाहीत. दोन सेंटीमीटर थोडे वाटतील, पण मोजपट्टी आखडते आहे हे लक्षात ठेवून मगच टक्के वाचावेत.

आता तुमचा हिशोब. पहिलं काम, तीन वेगवेगळ्या मुदतींचा पाऊस पाहायचा. आम्ही त्याला प्रमाणित पर्जन्य निर्देशांक म्हणतो. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे : याच गावाच्या जुन्या नोंदींच्या मानाने हे तीन महिने, हे बारा महिने किती वेगळे गेले? उणे एकच्या खाली गेलं की कोरडं, उणे दोनच्या खाली अतिकोरडं. तीन महिन्यांचा आकडा बाजरीसाठी, बारा महिन्यांचा विहिरीसाठी, चोवीस महिन्यांचा मोठ्या धरणासाठी. बाजरी तरली आणि विहीर गेली असं होऊ शकतं, ते यामुळेच. पावसातून उन्हाने उडू शकणारं पाणी आधी वजा केलं की जो निर्देशांक मिळतो, तो तापत्या काळात जास्त खरा. पाऊस तेवढाच राहिला तरी तो आकडा खाली सरकत जातो.

दुसरं काम कर्जाच्या मुदतीचं, आणि मुलाला शेजारी बसवून हे करा. समजा, अंजिराची बाग मार खाईल असं वर्ष दहात एकदा येतं. सात वर्षांत असं एक तरी वर्ष येण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के, आणि दोन किंवा जास्त येण्याची १५ टक्के. एक वर्ष माणूस सोसतो. दुसऱ्या वर्षी हप्ता थकतो. आता तेच वर्ष दहात दोनदा येतं असं धरा. एक तरी येण्याची शक्यता ७९ टक्के, आणि दोन किंवा जास्त येण्याची ४२ टक्के. कोरडी वर्षं दुप्पट झाली, पण हप्ता थकण्याची भीती जवळजवळ तिप्पट झाली. धोका मोजायचा तो इथे, मोबाईलच्या टक्क्यांत नाही.

दुप्पट का धरलं? जागतिक हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने २०२१ च्या अहवालात म्हटलंय, की जगातल्या कोरड्या होत चाललेल्या प्रदेशांत पूर्वी दहा वर्षांत एकदा येणारा शेतीचा दुष्काळ आताच सुमारे १.७ पट वेळा येतो, आणि पृथ्वी दीड अंशाने तापली की दुप्पट वेळा येईल. हा आकडा पुरंदरसाठी काढलेला नाही. मी तो कसोटी म्हणून वापरते : दहात दोनदा धरूनही कर्ज झेपत असेल तर घ्या, दहात एकदाच धरून झेपत असेल तर घेऊ नका. वाईट वर्षं सुटी सुटी येतात असं मी वर मानलंय, तेही लक्षात असू द्या. प्रत्यक्षात ती कधी कधी जोडीने येतात. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ आली, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे न्यावी लागली.

शेततळ्याबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. ओढ्याचं वाहून जाणारं पाणी अडवून भरणार असाल तर जरूर करा. विहीर किंवा बोअर उपसून भरणार असाल तर नको. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, आणि तेही शेजाऱ्याच्या विहिरीतलं. फेब्रुवारी ते मे दिवसाला सहा-सात मिलिमीटर सहज उडतं. चार महिन्यांत पाऊण मीटर पाणी कोणालाही न मिळता गेलं.

एक सोपं काम मात्र आजपासून करता येईल. भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा मोजतात. तुम्हीही दोरीला दगड बांधून त्याच महिन्यांत मोजा आणि भिंतीवर लिहा. ऑक्टोबरचं पाणी पाहून बहार, म्हणजे फळ कुठल्या हंगामात धरायचं ते, ठरवता येतं. विहीर कमी भरली असेल त्या वर्षी उन्हाळ्यात तोडणीला येणारा मीठा बहार सोडून खट्टा धरायचा का, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. नवा एकर लावायचाच असेल तर अंजिराऐवजी सीताफळाचा विचार करा. ते ताण सोसतं.

'आम्ही दोघं आयटीत आहोत. वाघोलीत फ्लॅट घ्यायचा विचार आहे. वीस वर्षांचं कर्ज. तिथे आताच टँकर चालतात. वीस वर्षांनी पाणी असेल का, हे तपासायची काही पद्धत आहे का?' — एक वाचक, खराडी

प्रश्न योग्य वेळी विचारलात, ताई. बहुतेक जण ताबा मिळाल्यावर विचारतात.

दुष्काळाचा धोका तीन गोष्टींवर ठरतो : आभाळ किती कोरडं, त्या कोरड्यात कोण उभं, आणि उभं असलेल्याच्या हाताशी काय. पुणे शहरापुरतं पहिल्या गोष्टीचं फार वाईट नाही. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला ही चारही धरणं घाटमाथ्याच्या पावसावर भरतात. चारही मिळून साधारण २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट. पण हे पाणी एका वर्षाचं. पुढच्या वर्षासाठी त्यात फारसं काही उरत नाही, आणि त्यातलंच कालव्याने दौंड-इंदापूरला जातं. २०१५ साली पावसाने पाठ फिरवली तेव्हा सप्टेंबरपासून शहराला एक दिवसाआड पाणी होतं. त्यानंतर शहर किती वाढलं, ते तुम्ही रोज नगर रस्त्यावर पाहता. धरणं मात्र तेवढीच आहेत. पूर्व भागाला भामा आसखेड धरणाचं पाणी मिळू लागलं, ही जमेची बाजू.

वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली. हद्दीत येणं आणि नळाला पाणी येणं यात बरीच वर्षं जाऊ शकतात. म्हणून 'पाणी येणार आहे' हे वाक्य हिशोबात धरू नका. जोडणी मंजूर आहे का, किती व्यासाची, सध्या कुठल्या इमारतीपर्यंत पाणी पोचतं, हे कागदावर मागा. बोअर किती फूट, आणि मे महिन्यात तो किती तास चालतो, हे शेजारच्या जुन्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा. त्याला टँकरही पाठ असतात. एप्रिल-मेची टँकरची बिलं पाहायला मिळाली तर फार उत्तम. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प रोज चालतो का आणि फ्लशला वेगळी पाइपलाइन आहे का, हेही बघा. ज्या सोसायटीत ते खरोखर चालू असतं तिची तहान बरीच कमी असते.

टँकरवर विसंबून राहण्यातली अडचण सांगते. टँकर म्हणजे पाण्याचा दुसरा उगम नव्हे. ते वाडेबोल्हाई, केसनंदकडच्या याच काळ्या पाषाणातल्या विहिरींचं पाणी आहे. दुष्काळात तुमचा बोअर आणि टँकरवाल्याची विहीर एकाच आठवड्यात खाली जाते. ज्या आधाराची गरज संकटातच लागते तो संकटातच तुटत असेल, तर धोका मोजताना त्याला शून्य किंमत द्यावी.

घर घेऊ नका असं मी म्हणणार नाही. मासिक हप्त्यात उन्हाळ्याच्या पाण्याचा खर्च मिळवून पाहा, तो दुप्पट करून पुन्हा पाहा, आणि मग ठरवा.

'परवा पाऊस पडेल का हे हवामान खात्याला नीट सांगता येत नाही, मग २०५० चं कसं सांगतात?' — नववीतला विद्यार्थी, हडपसर

बाळा, उद्या मार्केट यार्डात कोथिंबिरीची जुडी नक्की कितीला जाईल, हे तिथला जुना आडत्याही छातीठोक सांगणार नाही. पण मे महिन्यात ती थंडीतल्यापेक्षा महाग असेल, हे तुझी आजी आजच सांगेल. परवाचा पाऊस म्हणजे उद्याचा भाव. २०५० चं हवामान म्हणजे मे महिना.

त्यासाठी संगणकावर पृथ्वीची प्रारूपं चालवतात. जगभर अशी बरीच आहेत, आणि पाषाणला तयार झालेलं आपलंही एक त्यात आहे. तापमान वाढणार यावर सगळ्यांचं एकमत आहे. पाऊस कुठे किती, यावर मतभेद आहेत. गंमत अशी, की बहुतेक प्रारूपं म्हणतात देशाचा एकूण मोसमी पाऊस या शतकात वाढेल. मग दुष्काळ कसा? वर पुरंदरच्या काकांना लिहिलेलं उत्तर वाच. आणि किती तापेल हे बरंचसं माणसं पुढे किती कोळसा, किती तेल जाळतील यावर आहे. ते शास्त्रज्ञांना ठाऊक नाही, कारण ते अजून ठरायचंय. त्यातलं थोडं तुमच्या पिढीच्या हातात आहे.

'बहात्तरचा दुष्काळ आम्ही पाहिला. त्याआधी चौदाव्या शतकाअखेरचा दुर्गादेवीचा आणि मग १८७६ चा, ते तर त्याहून भयंकर. तेव्हा कुठे हवामान बदल होता? आता धरणं आहेत, रोजगार हमी आहे. उगीच घाबरवणं बंद करा.' — एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

काका, तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. दुष्काळ आपल्याकडे जुनाच. केरळातल्या सागाच्या खोडांवरची पाचशेहून अधिक वर्षांची वलयं पाषाणच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी वाचली आहेत. त्यात अरुंद वलयांची, म्हणजे कमी पावसाची, वर्षं दिसतात, आणि त्यांचा एल निनोशी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्याशी, संबंध दिसतो. निसर्गाचा हा लहरीपणा संपलेला नाही. त्यावर आता उष्णतेची भर पडते आहे. मला भीती त्या बेरजेची वाटते.

बहात्तर साली मी नऊ वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आम्ही भावंडं सुकडीसाठी रांगेत. रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची. आईच्या बोटांवरच्या चिंध्या अजून डोळ्यांसमोर आहेत. पण गावच्या विहिरीला तेव्हा पाणी होतं. खोल होतं, पोहऱ्याला दोर जोडावा लागे, पण प्यायला होतं. घरात दाणा नव्हता. मागच्या दुष्काळात माहेरी गेले तर कणग्यांच्या जागी रेशनच्या गव्हाची पोती होती, आणि अंगणात निळे प्लास्टिकचे पिंप टँकरची वाट पाहत रांगेत. दुष्काळ गेला नाही, धान्यातून पाण्यात आला. धान्य पंजाबातून आणता येतं. पाणी किती आणणार?

आणि धरणांचं म्हणाल तर उजनीकडे पाहा. ११७ टीएमसीचं धरण, पण त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात, म्हणजे दारांच्या पातळीखालचं. पाणी तिथे उतरलं की टक्के उणे मोजतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली होतं. त्याच वर्षी जुलैच्या २४-२५ तारखेला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या घरांत कमरेएवढं पाणी शिरलं. दोन महिन्यांच्या आत, एकाच भीमेच्या खोऱ्यात. पूर्वी असं कधीच झालं नाही असा माझा दावा नाही. पण माझ्या काळातल्या नोंदवह्यांत अशी वर्षं शोधावी लागत. आता ती आपणहून समोर येतात.

घाबरवायची मला इच्छा नाही. रोजगार हमी बहात्तरच्या अनुभवातूनच उभी राहिली, कारण तेव्हाच्या लोकांनी संकट मोजलं आणि पुढच्यासाठी तयारी केली. आईला त्या कामाने जगवलं. म्हणून आजचं मोजणं टाळू नये असं मला कळकळीने वाटतं.

'घरच्या घरी पाऊस मोजता येतो का? विकतचं पर्जन्यमापक महाग आहे.' — एक शिक्षिका, शिरूर

येतो, आणि शाळेत तर अवश्य सुरू करा. सरळ बाजूंचा, तळापासून तोंडापर्यंत सारखाच रुंद डबा घ्या. निमुळता नको. तो मोकळ्यावर ठेवा. झाड किंवा भिंत जेवढी उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. वाऱ्याने पडू नये म्हणून विटांत बसवा. रोज सकाळी साडेआठला फूटपट्टी बुडवून पाणी किती मिलिमीटर आहे ते पाहा, तारखेसह लिहा आणि डबा ओता. हवामान खातंही याच वेळेला मोजतं, त्यामुळे तुमचा आकडा तालुक्याच्या आकड्याशी ताडता येईल. अडीच मिलिमीटर किंवा जास्त असेल तो पावसाचा दिवस. एक मिलिमीटर म्हणजे एका एकरावर सुमारे चार हजार लिटर, हे मुलांना सांगा, त्यांना फार आवडतं.

ज्या दिवशी पाऊस नसेल त्या दिवशी जागा कोरी सोडू नका. शून्य लिहा. खंड किती दिवसांचा होता, हे त्या शून्यांवरूनच मोजायचं असतं.